भाजलेल्या मातीतला शिंगाडा

आमची काकू गूळसुद्धा धुऊन खाते, असं काका चारचौघांत सांगायचे. गूळ कुणी धूत नाही, पण काकूला ओळखणाऱ्यांना ते खोटं वाटायचं नाही. भाजी, भांडी, मिठाची बरणी, तुळशीची पानं, सगळ्यांना तिच्या हातून अंघोळ घडायची. उपासाच्या पदार्थांच्या बाबतीत तर ती ब्रह्मदेवाचंही ऐकत नसे. हे आधीच सांगून टाकते, कारण शिंगाड्यांचं जे बिघडलं ते या स्वभावामुळे बिघडलं.

निजामाचं राज्य होतं. काका तहसिलीच्या कचेरीत पेशकार, म्हणजे तहसीलदारापुढे कागद ठेवणारे कारकून होते. दिवसभर उर्दूत लिहायचे, घरी आले की आमच्याशी आमच्या मराठीत बोलायचे आणि थट्टेची लहर आली की पुन्हा उर्दू-दखनीत शिरायचे. माझे आईवडील कापसाच्या एका लहान गावी राहात. तिथं शाळा नव्हती, म्हणून मला काकांकडे ठेवलं होतं. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे माझे लाड होत आणि बोलणीही मलाच खावी लागत. मी नऊ-दहा वर्षांची असेन. प्रश्न विचारून घरादाराचा जीव खायची. "या पोट्टीच्या तोंडात जीभ नाही, नुसतं 'काऊन' हाये," असं काकू म्हणायची. आणि मला कुणी "ते असंच असते" म्हटलं की अंगाचा तिळपापड व्हायचा. तो अजून होतो.

काकूचं माहेर वांकिडीच्या बाजूचं. सकाळी गाडी जुंपली तर दिवस मावळायच्या सुमाराला तिथं पोचता यायचं. तिचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, कापूस-ज्वारीवाले शेतकरी. पण त्यांचा जीव शेतापेक्षा गावच्या तळ्यात जास्त. तळ्याच्या एका कडेला शिंगाडा लावायची वहिवाट त्यांच्या घराकडे होती. दर कार्तिकात पहिल्या तोडीची टोपली लेकीकडे यायची. बाहेरून हिरवट-तांबूस, दोन बाजूंना दोन शिंगं, आत दुधासारखा पांढरा गर. ती टोपली उघडताना काकूचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिच्या तोंडी "आमच्याकडे" म्हणजे माहेरी. आमच्याकडची ज्वारी मोत्यासारखी, आमच्याकडचं पाणी हलकं, आमच्याकडच्या शिंगाड्याची गोडी काही औरच. आमच्या गावच्या तळ्याला मात्र ती "म्हशींची मोरी" म्हणायची. काकांना याचा राग येत नसे. ते फक्त मिशीत हसायचे.

एका भाद्रपदात फार पाऊस झाला आणि तिच्या माहेरच्या तळ्याचा बांध फुटला. एका दिवसात तळं रिकामं झालं. शिंगाड्याचे वेल चिखलात लोळले आणि वाळले. बांधाच्या दुरुस्तीसाठी दरख्वास्ती गेल्या, त्यातली एक तर काकांनीच झोकदार अक्षरात लिहून दिली. पण त्या सगळ्या "जेरे-गौर" म्हणजे विचाराधीन होत्या, आणि काका म्हणायचे की विचाराला घाई केलेली सरकारला आवडत नाही. त्याच हिवाळ्यात आबांनी अंथरूण धरलं. अन्न जाईना, घास तोंडात घोळवून ते बाजूला काढून ठेवायचे. काकू धावत माहेरी गेली. वैद्यबुवांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की हा हिवाळा निभावेल, पुढच्याचं सांगता येत नाही. तिनं आबांना विचारलं, काय खावंसं वाटते? ते म्हणाले, "आपल्या तळ्याचा शिंगाडा तोंडात पडला असता एकडाव, तं बरं झालं असतं."

तिला तेवढंच हवं होतं. तळ्याच्या मधल्या खड्ड्यात थोडं पाणी उरलं होतं. त्यातून तिनं माणसं लावून हाती लागतील तेवढे शिंगाडे काढवले. ते काळे, निबर झालेले, खाण्याजोगे राहिले नव्हते; बी म्हणून तेवढे चालणारे होते. ते वाळले तर उगवत नाहीत, म्हणून पाण्यानं भरलेल्या मडक्यात ठेवले, आणि ते मडकं मांडीवर घेऊन ती गाडीतून परत आली. गाडीत मागं तळ्याच्या गाळाची पोतीही होती. आमच्या विहिरीजवळ चुनेगच्ची हौद होता, बागेच्या पाण्यासाठी बांधलेला. त्यात ती तो गाळ घालणार, आषाढात बी लावणार आणि कार्तिकात आबांना त्यांच्याच तळ्याचा शिंगाडा नेऊन भरवणार. "त्याहीच्या तोंडात एक घास पडू दे देवा, मंग मी काई मांगणार नाही," असं ती देवापुढे उघड बोलायची. मडक्यातल्या बियांवर सगळं होतं. ते तळं पुन्हा भरेल असं कुणालाच वाटत नव्हतं आणि तसा शिंगाडा दुसरीकडे मिळत नव्हता.

आता कुणीही माणूस काय करेल? गाळ हौदात ओतेल. पण काकूनं आधी पोती उघडली. आत वाळलेल्या गोगलगाई, शंख, माशांचे काटे, कुजक्या दांड्या, आणि एक-दोन सुकलेल्या जळवाही निघाल्या. शिंगाडा म्हणजे एकादशीचं अन्न, आणि तेही आजारी बापाच्या मुखी जायचं. ते असल्या घाणीत वाढणार? तिनं गाळ अंगणात पसरून उन्हात वाळवला, मोगरीनं कुटला, पिठाच्या चाळणीनं चाळला. आणि त्यावरही समाधान होईना, तेव्हा गुळाची काहील मागवून, खाली लाकडं पेटवून, तिनं ती माती भाजली. उलथन्यानं परतत परतत, चिवड्याचे पोहे परततात तशी. काका कचेरीतून आले, टोपी काढून दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "मिट्टी का हलवा बना रए क्या?"

"अग्नीनं सगळं शुद्ध होते," काकू म्हणाली. घामानं तिचा चेहरा निथळत होता. "माह्या बापाच्या तोंडात जाणार हाये थे."

काकांनी टोपी खुंटीला अडकवली आणि काहिलीखालचं एक लाकूड आत सारलं.

हौद घासूनपुसून झाला, भाजलेली माती तळाशी पसरली, वर विहिरीचं पाणी फडक्यातून गाळून भरलं. मडक्यातल्या शिंगाड्यांना पांढरे कोंब आले होते. एकेक कोंब तिनं हळूच मातीत खोचला. एक शिंगाडा मोडक्या शिंगाचा, वाकड्या कोंबाचा निघाला. तो तिनं माझ्या हातावर ठेवला. "हा घे. खेळ याच्याशी, आन माह्या हौदाकडे फिरकू नको."

मला भाजलेली माती कोण देणार? ती मोजूनमापून हौदापुरतीच होती. म्हणून मी गोठ्यामागं पडलेला एक फुटका रांजण शोधला. त्याचं वरचं अर्धं अंग गेलेलं, पण खालच्या अर्ध्यात पाणी राहायचं. गावच्या तळ्यावर जाऊन जिथं म्हशी बसतात तिथलाच चिखल टोपलीत भरून आणला, कारण तिथं काठ उतरता होता आणि माझा हात पोचत होता. काळाकुळकुळीत, लोण्यासारखा मऊ, आणि वास असा की काकूनं तोंडाला पदर लावून मला रांजणासकट गोठ्यामागंच राहायला सांगितलं. मी वाकडा शिंगाडा त्या चिखलात खोचला आणि वर पाणी ओतलं.

पहिले काही दिवस काकूच्या हौदात नुसता उत्सव होता. पानांची चक्रं पाण्यावर आली, पसरली, एकमेकांना टेकली. शिंगाड्याचं पान तळहातापेक्षा लहान, कडेला दातेरी, आणि देठाच्या मध्ये हवेची फुगीर थैली असते, तिच्यावर ते तरंगतं. पाण्याखाली लांब दांडा, त्याला पिसांसारखी हिरवी मुळं फुटलेली, आणि अगदी तळाशी मातीत घुसलेली दुसरी मुळं. पाणी इतकं नितळ की हौदाच्या काठावरून हे सगळं दिसायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला काकू हौद दाखवायची. माझ्या रांजणात डोकावायला कुणी येत नव्हतं. तिथं गढूळ पाणी आणि त्यावर एक गरीब बिचारं चक्र.

श्रावण लागला आणि हौदातल्या पानांची वाढ थांबली. नवी पानं येईनात, आली ती बोराएवढी. जुन्यांच्या कडा पिवळ्या झाल्या. काकू घाबरली. आणि घाबरली की ती जे करायची तेच तिनं केलं, म्हणजे धुवायला घेतलं. पिसांसारख्या मुळांवर कुठंतरी बुळबुळीत साय धरल्याचं तिला दिसलं. मग रोज सकाळी हौदात उतरून ती एकेक वेल उचलायची, ती मुळं स्वच्छ पाण्यानं विसळायची आणि परत सोडायची. पाणी बदललं. परत बदललं. काकांनी मालगुजारीच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या कामात फिरताना चार शहाण्यांना विचारलं. एकानं सांगितलं ऊन कमी पडतंय, दुसऱ्यानं सांगितलं ऊन जास्त होतंय. काकूनं एक एकादशी निर्जळी केली. तरी पिवळेपणा पानभर पसरला आणि काही चक्रं कुजून तळाला गेली.

"आबाले काय तोंड दाखवू?" ती हौदाच्या काठावर बसून म्हणाली. तिचा आवाज ऐकून मला रडू आलं. तिला रडू येत नव्हतं आणि ते मला जास्त भयंकर वाटलं.

आणि गोठ्यामागं माझा वाकडा शिंगाडा माजला होता. एकाची चार चक्रं झाली होती, रांजणाचं तोंड दिसत नव्हतं. पानं हिरवीगार आणि चामड्यासारखी जाड. चिखलातून अधूनमधून बुडबुडे वर यायचे. काठीनं ढवळलं की फसफसून यायचे. मी तासन्‌तास ते बुडबुडे बघत बसायची. खाली कोण आहे? श्वास कोण सोडतंय? काका शेतांचे नकाशे वाचायला एक भिंग वापरायचे, ते मी मागून घेतलं आणि चिखलातून उपटलेल्या एका मुळावर धरलं. काळ्या चिखलातलं मूळ काळं असेल असं मला वाटलं होतं. ते तांबडं होतं! गंजलेल्या खिळ्यावर येतो तसा तांबूस थर प्रत्येक बारीक मुळाभोवती होता. वरच्या पिसांवर गुळगुळीत साय. भिंगातून ती सायच दिसायची, आणखी काही नाही. मी हौदातल्या एका वेलाचं मूळ बघितलं. पांढरं, स्वच्छ, नुकतं धुतलेलं, आणि निर्जीव दोऱ्यासारखं लोंबणारं.

मी काकांना गाठलं. "काका, माह्या रांजणात जास्त ऊन नाही. कडुलिंबाची सावली हाये. मंग थो काऊन वाढून राह्यला?"

काकांनी कागद बाजूला ठेवले. "मला ठाऊक नाई बेटा," ते म्हणाले. ठाऊक नसलं की तसं सांगायचे, हा त्यांचा मोठा गुण. "तजुर्बा कर. एका वेळी एकच गोष्ट बदलजो, नाही तं कशानं झालं थे समजणार नाही."

तजुर्बा म्हणजे प्रयोग. हा शब्द मला इतका आवडला की मी दोन दिवस तो येताजाता म्हणत होते. मग कामाला लागले. आधी रांजणातलं पाणी काढून त्यात हौदाचं नितळ पाणी भरलं. वेल तसाच हिरवा. म्हणजे पाण्याचा दोष नाही. मग काकूकडून हौदातला एक मरणपंथाला लागलेला वेल मागितला. ती म्हणाली, ने, मेलाच हाये थो. मी तो माझ्या रांजणाच्या चिखलात खोचला. रोज शाळेतून आल्या आल्या दप्तर टाकून आधी गोठ्यामागं. काही दिवस काहीच झालं नाही. मग मधलं कोवळं पान हिरवं उमललं. त्याच्या मागून दुसरं, पहिल्यापेक्षा मोठं. मी ओरडत घरात गेले आणि काकूचा पदर धरून तिला गोठ्यामागं ओढत आणलं.

काकू वाकली. नाक न धरता वाकली. हिरव्या पानाला बोट लावून बघितलं. "हा थोच?"

"थोच. तुह्याच हौदातला."

"आन माती कुठची?"

"म्हशींच्या मोरीतली," मी म्हणाले. मला ते बोलताना थोडा आनंद झाला हे कबूल करायला हरकत नाही.

ती उकिडवी बसली. मग तिनं हात रांजणात घातला. बांगड्यांपर्यंत हात चिखलात गेला. तिनं मूठभर चिखल वर काढला, नाकाशी नेला, आणि तिच्या कपाळावर ती आठी पडली जी दही आंबट झालंय का बघताना पडायची. दही लावण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

"अव माय," ती हळूच म्हणाली. "म्या माती तापवली."

"हो ना. भाजली तू."

"तसं नाही व. आयक. दूध तापवलं का त्याच्यातलं जे काई असते थे मरते. मंग थे आपल्या मनानं दही होते का? कितीक दिवस ठेव. नासन, पण दही होणार नाही. त्याले विरजण घालावं लागते. म्या माती तापवली आन विरजण घातलंच नाही. वरून जे थोडकं लागत होतं थेही धुऊन काढलं रोजच्या रोज." तिनं मुठीतल्या चिखलाकडे बघितलं. "माती मेली माह्या हातून."

पुढे मी बरंच शिकले. संस्थान गेलं, कचेऱ्यांची भाषा बदलली, मी परगावी कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं आणि जन्मभर तेच शिकवलं. पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तेव्हा सर कांद्याचं साल बघायला सांगत होते, आणि मी डबक्यातला चिखल घेऊन गेले होते. कांड्या, ठिपके, मणी, सगळे थरथरत चाललेले. तिथंच मला कळलं की भिंगातून जे दिसत नव्हतं ते हे. शिंगाड्याच्या फळात कोंबापुरता शिधा असतो, म्हणून काकूचा हौद पहिले काही दिवस हसला. तो शिधा संपला की मुळांना मातीकडे हात पसरावा लागतो. मातीत सगळं असतं, कुजकं पान, शेण, मेलेली गोगलगाय; पण मुळांना दात नसतात. ते चावून, कुजवून, पाण्यात विरघळेल इतकं बारीक करून द्यायचं काम हे न दिसणारे जीव करतात. त्यांतले काही तर हवेतला नायट्रोजन, जो झाडाला नुसता उपयोगाचा नाही, तो पकडून झाडाला पचेल असा करून देतात. झाडही फुकट घेत नाही. पानांत तयार झालेली थोडी साखर मुळांतून पाझरू देतं, वरून आणलेला थोडा प्राणवायू त्या गुदमरलेल्या गाळात सोडतं. मुळांभोवतीचा तो तांबडा थर म्हणजे त्या प्राणवायूनं गाळातल्या लोखंडाला आणलेला गंज. आणि पिसांवरची बुळबुळीत साय ही त्यांची वस्ती. काकू रोज सकाळी अख्खी वस्ती विसळून टाकत होती.

अर्थात भाजल्यामुळे मातीत आणखी काय काय बिघडलं असेल हे मला आज तपासता येणार नाही. मी मुलांना शिकवताना नेहमी हेही सांगायचे. पण विरजणाचा विचार ज्या बाईला दह्यावरून सुचला, तिला तेव्हाच काहीतरी खरं सापडलं होतं, यात मला शंका नाही.

मग प्रश्न होता विरजण कुठलं. तिच्या माहेरचं तळं उन्हाळ्यात भेगाळलं होतं आणि फुटक्या बांधामुळे पावसातही भरत नव्हतं. तिथला उरलेला गाळ आणायला गाडीला दोन दिवस, आणि वेलांना तेवढा वेळ नव्हता. जवळ होती ती म्हशींची मोरी. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूनं नऊवारीचा काष्टा घट्ट खोचला, पाटी घेतली आणि मला म्हणाली, "चाल. दाखव कुठून आणला थो."

बांधावर मासे धरणारे जाळी सुकवत बसले होते. पेशकारांची बायको गुडघाभर चिखलात उतरतेय हे दृश्य त्यांनी पूर्वी पाहिलं नव्हतं. त्यांच्यातली एक म्हातारी ओरडली, "बाई, काई हरपलं का?"

"नाई जी," काकू वर न बघता म्हणाली, "विरजण न्याले आलो."

हसण्याचा असा फवारा उडाला की म्हशींनीही माना वळवल्या. काकूही हसली. कोपरापर्यंत काळी झालेली, कपाळावर चिखलाचा ठिपका, आणि हसतेय. तिच्या पोटरीला एक जळू लागली होती ती तिला घरी आल्यावर दिसली, तेव्हा मात्र तिनं सगळ्या आळीभर ऐकू जाईल अशी किंकाळी फोडली.

हौदात प्रत्येक वेलाच्या बुडाशी तिनं मूठमूठ चिखल दाबला. पाणी गढूळ झालं. त्यानंतर मुळं धुवायची नाहीत हे तिनं स्वतःच ठरवलं, आणि मला वाटतं, चिखलात उतरण्यापेक्षा ते तिला जड गेलं. सकाळी ती हौदाशी जाऊन बसायची, साय धरताना बघायची आणि दोन्ही हात काखेत दाबून ठेवायची. भाद्रपदात हौदातून पहिला बुडबुडा वर आला. तो मी बघितला आणि तिनंही बघितला. आश्विनात पांढरी फुलं आली. फूल मिटलं की देठ वाकून पाण्याखाली जातो आणि फळ खाली अंधारात धरतं, त्यामुळे किती धरलंय ते कळेना. जेवढे वेल उरले होते तेवढ्यांनी एक टोपली भरली.

कार्तिकात आम्ही तिघं गाडीतून निघालो. टोपलीवर ओलं फडकं होतं. काकूनं त्यातला एकही शिंगाडा चाखला नव्हता, मलाही चाखू दिला नव्हता. आबा खाटेवर होते. ते आधीच बारीक होते, आता तर पांघरुणाखाली कुणी आहे की नाही असं वाटावं. पण डोळे लख्ख. काकूनं एक कच्चा शिंगाडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बोटांनी चाचपला, एक शिंग, दुसरं शिंग, मधला उंचवटा. "आपलाच हाये," ते म्हणाले, आणि काकूनं इतके महिने धरून ठेवलेला श्वास सोडला.

तिनं शिंगाडे उकडले, सोलले, आणि आबांना दात नव्हते म्हणून गर बोटांनी कुस्करून भरवला. त्यांनी तो तोंडात घोळवला. आम्ही सगळे त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. घास खाली उतरला. त्यांनी दुसऱ्यासाठी तोंड उघडलं, मग तिसऱ्यासाठी. मग जरा थांबून म्हणाले, "शिंगाडा आपला हाये पोरी. चव तुह्या गावची लागून राह्यली."

काकूचा हात तिथंच थांबला. आम्ही त्यांना हौदाचं, रांजणाचं, चिखलाचं काहीच सांगितलं नव्हतं. "आबा, माती इथलीच हाये," ती घाईघाईनं म्हणाली. "पोत्यानं नेली होती म्या. इथलीच माती, इथलंच बी."

"असन," आबा म्हणाले. "म्या कुठं वाईट म्हणलं? गोड हाये. जरा येगळा गोड." मग ते तिच्याकडे बघत राहिले. "म्या इतकी वर्षं टोपली पाठवत होतो. तिकडं पोरीले गोड लागत असन का काई, म्हणून. तिकडंही पिकते म्हणा की."

काकू त्यांच्या हातावर कपाळ टेकून रडली. माझ्यासमोर, काकांसमोर, सगळ्यांसमोर, लहान पोरीसारखी हुंदके देत. आबांनी तिला थोपटलं नाही, तेवढी ताकद नव्हती. ते म्हणाले, "अव, भरव ना. थंड होऊन राह्यलं."

त्यांनी त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून टोपलीतले अर्धे शिंगाडे खाल्ले. उरलेल्या अर्ध्यांना हात लावायची त्यांनी कुणाला परवानगी दिली नाही. ते बी म्हणून परत न्यायचे होते. निघताना काकूनं विचारलं, गाळाची दोन पोती भरून घेऊ का? आबांनी मान हलवली. "कायले? इथं आता पाणी नाही. बी तुह्याच तळ्यात टाकजो."

पौषात आबा गेले. आषाढ आला तेव्हा काकूनं मडकं उचललं आणि हौदापाशी न थांबता सरळ गावच्या तळ्यावर गेली. मासे धरणाऱ्यांनी एका कडेची जागा तिला आधीच मोकळी करून दिली होती. ती पाण्यात उतरली आणि कोंब आलेले शिंगाडे एकेक करून पायाच्या अंगठ्यानं चिखलात दाबत गेली, आबा दाबायचे तसे. मी काठावर उभी होते. सगळे लावून झाल्यावर तिनं रिकामं मडकं तळ्याच्या पाण्यात बुडवलं, भरून घेतलं, आणि फडक्यानं न गाळताच घरी आणलं.